पंधरावी नोंद

सुचित्राने चित्राची डावी कड दोन्ही हातांच्या बोटांवर तोलली आणि श्वास रोखून धरला. समोर वलीभाईंनी उजवी कड धरली होती. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, अवघी तीन पावलं जायचं होतं. पण हातात पाचशे वर्षांचा कागद असला की तीन पावलंही घाटातल्या वळणांसारखी संपता संपत नाहीत.

"यल्ला, चला ताई," वलीभाई ओठांतल्या ओठांत म्हणाले. "एक. दोन. आणि हे आलं."

चित्र टेबलावर टेकलं. हायामीबाई पुढे झाल्या, खालचे दोन्ही कोपरे त्यांनी बोटांच्या टोकांनी सरळ केले आणि त्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. जपानमधल्या ज्या मठाचं हे चित्र, त्या मठाने चित्रासोबत त्यांना पाठवलं होतं. वय सदुसष्ट. जुन्या चित्रांना मागून कागद आणि बाजूने रेशीम लावून देणं हा त्यांच्या घराण्याचा पिढीजात धंदा. चित्र भिंतीवर टांगलं जाईपर्यंत त्याला नजरेआड करायचं नाही, एवढंच त्यांचं इथलं काम होतं आणि ते त्या डोळ्यांत तेल घालून करत होत्या.

सुचित्राने दोन्ही कोपऱ्यांवर छोटी मऊ वजनं ठेवली. मग भिंग उचललं आणि उजव्या कोपऱ्यावर धरलं.

कागदाच्या अगदी कडेला, चित्रकाराने जिथे काहीच काढलेलं नव्हतं तिथे, एक पिवळा ठिपका होता. अर्ध्या तांदळाएवढा.

जेवणाआधी तो तिथे नव्हता.

तिने भिंग बाजूला केलं, डोळे मिटून उघडले आणि पुन्हा पाहिलं. ठिपका जागचा हलला नव्हता. सकाळी अकरा चाळीसला तिने स्वतः काढलेले फोटो लॅपटॉपवर होते. त्यांत हा कोपरा धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता.

अबुधाबीतल्या त्या छोट्या खाजगी संग्रहालयात सुचित्रा नऊ वर्षं हेच काम करत होती. बाहेरून आलेली वस्तू अंगभर तपासायची आणि कुठे चीर आहे, कुठे कीड लागलीय, कुठे डाग आहे ते क्रमाने लिहून घ्यायचं. भाड्याच्या घरात शिरण्याआधी भिंतींवरचे डाग घरमालकासमोर लिहून घेतात, त्यातलाच प्रकार. नाहीतर निघताना सगळे आपल्या नावावर चढतात. या चित्राच्या सकाळपासून चौदा नोंदी झाल्या होत्या. तेरा नोंदी काळाने केलेल्या होत्या आणि चौदावी चित्रकाराने स्वतः.

चित्रकाराचं नाव रिनसेत्सु. भिंतीवर लावायचा त्याच्या आयुष्याचा मजकूर सुचित्रानेच महिनाभर खपून लिहिला होता, त्यामुळे हा बाबा आता तिला माहेरच्या माणसासारखा ठाऊक झाला होता. नवव्या वर्षी आईबापांनी त्याला मठात सोडलं. तिथे त्याला काम मिळालं शाई उगाळायचं. काजळीची वडी दगडावर पाणी घालून घासायची, आपल्याकडे सहाणेवर चंदन उगाळतात तशी. अकरा वर्षं त्याने दुसऱ्यांसाठी शाई उगाळली. मग एकदाचा गुरूने हातात कुंचला दिला आणि एक रेघ काढून घेऊन परत मागितला. पुढे युद्धात शहर जळालं, मठ जळाला, चाळिशीपर्यंत काढलेलं सगळं जळालं. रिनसेत्सु एक पिशवी घेऊन दक्षिणेकडे चालत सुटला. गावोगाव तांदळाच्या मोबदल्यात चित्रं काढत त्याने तीस वर्षं घालवली. सत्तरीत डोळे गेले, म्हणजे पूर्ण नाही, पण समोर सगळं धुकंच दिसायचं. त्या वयात त्याने हा डोंगर काढला. मोजून अकरा फटकारे. खाली दोन झाडं, वर एक कडा, आणि बाकी कागद कोराच. तो कोरा कागद म्हणजेच धुकं. शाईच्या चित्रात खोडता येत नाही, गिरवता येत नाही, कागदाने एकदा शोषलं की झालं.

डाव्या खालच्या कोपऱ्यात मात्र एक काळा अंगठा उमटला होता. कागदाची कड दिसेना म्हणून म्हाताऱ्याने डावा अंगठा कोपऱ्यावर टेकवून तिथून अंतर मापलं होतं, आणि त्या अंगठ्याला शाई होती. शिष्यांनी कोपरा कापू म्हटलं, घासून काढू म्हटलं. चित्राच्या लाकडी पेटीच्या झाकणावर त्यांच्यापैकीच एकाने लिहून ठेवलं होतं: 'गुरुजींनी अंगठा पुसू दिला नाही. म्हणाले, मी कुठून पाहत होतो ते कळू दे.'

चौदावी नोंद ती. 'डावा खालचा कोपरा, शाईचा अंगठा, चित्रकाराचा.'

आणि आता उजव्या कोपऱ्यात हे.

सुचित्राने आपल्या बोटांकडे पाहिलं. ओळखायला भिंगाची गरज नव्हती. शनिवारी तिने दोन किलो ओली हळद किसली होती. डिसेंबर लागला की भारतीय दुकानात ओली हळद येते आणि लोणचं घातल्याशिवाय तिला चैन पडत नाही. आलं, लिंबू, मोहरी, मीठ. नखांच्या कडा अजून केशरी होत्या. आज दुपारी तिने बरणी आणली होती, पँट्रीत सगळ्यांपुढे फिरवली होती. हायामीबाईंनी हात जोडून नको म्हटलं होतं. वलीभाईंनी चपातीवर घेऊन बोटं चाटूनपुसून खाल्लं होतं. जेवणानंतर तिने नियमाप्रमाणे तीनदा हात धुतले होते. हातमोजे घालायचे नसतात, मोज्यातून कागद समजत नाही. स्वच्छ, कोरडे, उघडे हात, असं नियम सांगतो. हळदीचं काय करायचं ते नियम लिहिणाऱ्याला सुचलंच नव्हतं.

"काय झालं, ताई?"

वलीभाई टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला आले होते. म्हसळ्याकडचे. सव्वीस वर्षं आखातात काढलेली, त्यातली नऊ याच इमारतीत. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एका मातीच्या दिव्यालाही ओरखडा गेलेला नव्हता.

"काही नाही," सुचित्रा म्हणाली.

पण त्यांनी पाहिलं होतं. आधी कोपरा आणि मग तिची बोटं. मग त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि दोन पावलं मागे सरकले. याला समजलं, सुचित्राच्या मनात आलं. याला समजलंय आणि हा आता या प्रकरणापासून लांब राहणार.

दार ढकलून तहसीन आत आली. ती प्रदर्शनाची प्रमुख, मूळ हैदराबादची, कायम घाईत.

"सुचित्रा, कल बारह बजे मेहमान आ रहे हैं। उसके पहले वॉल पे चाहिए। साइन हुआ?"

"थोडं बाकी आहे. थोडा बाकी है."

"यल्ला यार, खलास करो।" तिने हायामीबाईंना हसून मान लववली आणि ती गेलीसुद्धा.

बाकी होती ती एकच गोष्ट. फॉर्मच्या शेवटी एक चौकट होती: अतिनील दिव्याखाली तपासणी, हो किंवा नाही. खोलीत अंधार करून त्या जांभळ्या दिव्याखाली कागद पाहिला की साध्या उजेडात न दिसणारे डाग दिसतात. ती तपासणी उद्या सकाळी दहाला ठरली होती.

हळद त्या दिव्याखाली कशी दिसते, याचा तिने आजवर कधी विचार केला नव्हता. आता दुसरा कोणताच विचार सुचत नव्हता.

हायामीबाई खिडकीजवळच्या कपाटावर पिवळ्या सुती कापडाची पुन्हा नीट घडी घालत होत्या. चित्र पेटीत त्या कापडात गुंडाळून आलं होतं. सकाळी ते उलगडताना सुचित्राला ओळखीचा वास आला होता. पण दोन दिवस तिच्या स्वतःच्या हातांनाच वास येत होता, त्यामुळे तिने तिकडे लक्ष दिलं नव्हतं. हायामीबाईंना ते कापड जसंच्या तसं पडलेलं चालत नसे. जेवून आल्याआल्याही त्यांनी हात धुऊन आधी तीच घडी घातली होती.

सांगून टाकावं. आत्ता, लगेच. सुचित्राने तोंड उघडलं आणि मिटलं.

कारण सांगितलं असतं तर तो डाग संग्रहालयाच्या ताब्यात असताना पडला असं लिहावं लागलं असतं. मठाने चित्र परत नेलं असतं, प्रदर्शनाची मधली भिंत रिकामी राहिली असती, आणि फॉर्मवर जबाबदार म्हणून सुचित्राचं नाव असतं. मागच्या वर्षी एका चिनी बशीचा टवका उडाला तेव्हा ज्या मुलाच्या हातात ती होती तो पंधरा दिवसांत आपल्या गावी होता. सुचित्राला नोकरीची भीती होतीच, पण खरी भीती त्यामागच्या गोष्टीची होती. शैलेंद्रची कंपनी ऑगस्टमध्ये बंद पडली. तेव्हापासून नवरा आणि मुलगी दोघंही तिच्या व्हिसावर होते. ओवी बारावीला होती आणि परीक्षा फेब्रुवारीत. आईची नोकरी गेली तर तिघांचं इथलं राहणंच जातं आणि पोरीचं वर्ष ऐन परीक्षेच्या तोंडावर मधोमध मोडतं, हे इथल्या कुठल्याही घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तिने पेन्सिल उचलली. जुन्या कागदाजवळ पेन आणायला बंदी असते. फॉर्मवर तिने इंग्रजीत लिहिलं: 'पंधरा. उजवा खालचा कोपरा, पिवळा ठिपका. दुपारी टेबल बदलल्यानंतर दिसला. उजवी बाजू: वली.'

शब्द न् शब्द खरा होता. उजवी बाजू वलीभाईंनीच धरली होती. वजन ठेवायला नंतर कोण वाकलं होतं, एवढंच त्यात नव्हतं. तिने फॉर्म फाइलमध्ये सरकवला आणि फाइल छातीशी धरली.

*

घरी पोचल्यावर तिने लिंबाने बोटं घासली. मग बेसनाने. मग साबणाने, तर नखांच्या कडा लालसर झाल्या. तिची आत्या म्हणायची, हळदीचा डाग धुऊन जात नाही, उन्हात टाक, ऊनच त्याला खातं. पांढऱ्या चादरीवर सांडलेली आमटी संध्याकाळपर्यंत गायब झालेली तिने लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती. चित्र भिंतीवर दोन महिने असणार होतं. दिवे मंद असले तरी दिवेच ते. फेब्रुवारीत चित्र उतरेल तेव्हा ठिपका असेलच असं नाही. म्हणजे उद्या तो जांभळा दिवा लागला नाही, तर कुणालाच काही कळणार नाही. फाइलमधली ती ओळही मग नको. मनातला हा हिशोब इतका सरळ जमला की तिला स्वतःचीच भीती वाटली.

"काय गं, तब्येत बरी आहे ना?" शैलेंद्रने चहा पुढे केला. गेले चार महिने चहा तोच करत होता आणि तो चांगला होत चालला होता. "शारजाच्या त्या लोकांचा फोन आला होता. सेकंड राउंड म्हणाले. इन्शाल्ला."

"होईल," ती म्हणाली.

ओवी जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून एका हाताची नखं रंगवत होती. समोर तिचा नखं वाळवायचा छोटा दिवा होता.

"आई, द होल फ्रिज इज यलो. इव्हन माय योगर्ट."

"हा दिवा कसला आहे गं?"

"यूव्ही. फॉर द जेल पॉलिश. व्हाय?"

सुचित्राने हात त्या दिव्याखाली सरकवला.

तिची बोटं पेटली. नखांच्या कडा, सांध्यांवरच्या सुरकुत्या, अंगठ्याचं सगळं पेर, जिथे साध्या डोळ्यांना आता काहीच दिसत नव्हतं तिथेसुद्धा, हिरवट पिवळं, काजव्यासारखं.

"वॉव," ओवी म्हणाली. "आई, यू आर रेडिओॲक्टिव्ह."

सुचित्राने हात काढून घेतला. रात्री तिला धड झोप लागली नाही. अंथरुणात पडल्या पडल्या तिला वलीभाईंचे पाठीमागे घेतलेले हात आठवत राहिले. मागच्याच महिन्यात त्यांनी तिच्याकडे एक अर्ज दिला होता, मुलाचा, रेहानचा. वस्तू हलवणाऱ्यांच्या तुकडीत एक जागा होती. 'ताई, तुमचा एक शब्द पडला तर होऊन जाईल. मग मी सुखाने गावी जातो,' ते म्हणाले होते. तो अर्ज तिने अजून पुढे पाठवलेला नव्हता. काही कारण नव्हतं, राहून गेला होता इतकंच.

*

सकाळी दहाला पाच कमी असताना ती तपासणीच्या खोलीत शिरली. अंगावर कामाचा पांढरा एप्रन, दोन्ही हात खिशांत. हायामीबाई आधीच येऊन बसल्या होत्या. रात्रभर लाकडी पेटीत असलेलं चित्र वलीभाईंनी टेबलावर उलगडून ठेवलं होतं, कोपऱ्यांवर वजनंही होती. ते स्वतः कुठे दिसत नव्हते.

"हायामी-सान," सुचित्रा इंग्रजीत म्हणाली. आवाज शक्य तितका साधा ठेवला. "आज वेळ फार कमी आहे. बारा वाजता पाहुणे येणार. दिव्याची तपासणी तुमच्या मठात झालेलीच आहे. इथे पुन्हा नाही केली तर चालेल का?"

हायामीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही वाचता येत नसे.

"घर तुमचं आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "नियम तुमचा."

म्हणजे झालं. 'नाही'वर एक खूण करायची, पंधरावी नोंद असलेलं पान बदलायचं, खाली सही. सुचित्राने खिशातून पेन्सिल काढली.

दार उघडलं आणि वलीभाई आत आले. त्यांच्या हातात अतिनील टॉर्च होता.

"ताई, बॅटरी नवीन टाकली," ते म्हणाले. "काल दम नव्हता तिच्यात. दिवे घालवू?"

तिने डोळ्यांनी त्यांना विनवलं. नको. त्यांनी ते पाहिलं, यात शंका नाही. पण त्यांनी नजर काढून घेतली आणि भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला. सुचित्राच्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ वर्षं ताई ताई करणारा माणूस, डबा वाटून खाणारा, आणि आज भर खोलीत आपल्याला उघडं पाडायला निघालाय.

"घालवा," हायामीबाई म्हणाल्या.

खिडकीचा जाड पडदा आधीच ओढलेला होता. खोलीत अंधार झाला. टॉर्च लागला. कागद फिकट जांभळा दिसू लागला. रिनसेत्सुचे अकरा फटकारे आणखी काळे झाले, डोंगर जणू जवळ आला. डाव्या कोपऱ्यातला अंगठा विहिरीच्या तोंडासारखा काळाकुट्ट. उजेड हळूहळू उजवीकडे सरकला, धुक्यावरून, दोन झाडांखालून, आणि कोपऱ्यात थांबला.

ठिपका पेटला.

"आ," हायामीबाई म्हणाल्या, आणि पुढे झुकल्या.

सुचित्राने हात खिशांत आणखी खोल खुपसले. पेन्सिल तिच्या मुठीत होती, तिचं टोक तळव्याला टोचत होतं. बोलायची गरज नव्हती. फाइल टेबलाच्या कडेला होती आणि जे लिहायचं ते तिने कालच लिहून ठेवलं होतं.

मग टॉर्च हलला. वलीभाईंनी तो उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि आपला उजवा हात, तळवा वर करून, त्या उजेडाखाली धरला. अंगठ्याच्या पेरावर आणि दोन नखांच्या कडांना तोच हिरवट पिवळा उजेड लागला होता.

"माझा आहे," ते आधी मराठीत म्हणाले. मग हायामीबाईंकडे वळून, तुटक इंग्रजीत, "माय हँड, मॅडम. माझी चूक. काल जेवल्यावर तीनदा धुतला होता. रात्री टॉर्च घरी नेऊन पाहिला, तेव्हा समजलं. या ताईंचा काही संबंध नाही."

वरच्या झरोक्यातून थंड हवा येत होती, तिचा तेवढा आवाज होता.

काल त्यांनी हात पाठीमागे का घेतले होते, ते सुचित्राला आता कळलं. तिच्यापासून लांब जायला नव्हे. ते स्वतःचेच हात लपवत होते. रात्री ती जशी ओवीच्या दिव्याखाली बोटं धरून बसली होती, तसेच तेही मुसफ्फाच्या कामगार वस्तीतल्या आपल्या खोलीत कॉटवर बसून टॉर्च अंगठ्यावर मारत असतील. सव्वीस वर्षं, आणि रेहानचा अर्ज. हे सगळं पणाला असूनही, तिने टाळू पाहिलेला दिवा त्यांनी नवी बॅटरी घालून आणला होता. तिला लाज वाटली.

अजूनही गप्प राहता आलं असतं. गप्प राहणं फार सोपं होतं.

तिने खिशातून हात बाहेर काढले. दोन्ही. वलीभाईंच्या हाताशेजारी उजेडात धरले. तिची दहाच्या दहा बोटं लखलखली.

"हळद माझी आहे," ती म्हणाली. मराठीतच सुरुवात झाली, मग तिने इंग्रजी धरलं. "लोणचं मी केलं, मी आणलं. यांनी माझ्याच बरणीतलं खाल्लं. आणि या कोपऱ्यावर वजन ठेवायला मीच वाकले होते. मी काल दुपारीच पाहिला होता हा डाग. सांगितला नाही."

हायामीबाईंनी त्या तीन हातांकडे पाहिलं. मग त्यांनी वलीभाईंसमोर हात पुढे केला, टॉर्च मागितला. टॉर्च घेऊन त्या चित्राकडे वळल्या नाहीत. खिडकीजवळच्या कपाटाशी गेल्या आणि उजेड घडी घातलेल्या त्या पिवळ्या कापडावर टाकला.

सगळं कापड पेटलं. कपाट, भिंतीचा तुकडा, बाईंची हनुवटी, सगळं त्या उजेडात पिवळं झालं.

"उकोन," त्या म्हणाल्या. "या मुळाच्या पाण्यात कापड रंगवतात. किडे येत नाहीत. माझी आजी रंगवायची, आता मी." त्यांनी टॉर्च आपल्या मोकळ्या हातावर धरला. बोटांची टोकं, ज्यांनी काल दोन्ही कोपरे सरळ केले होते, तशीच लखलखत होती. "जेवल्यावर हात धुतले. ओले असतानाच घडी घातली. म्हाताऱ्या माणसाची घाई." त्या थांबल्या. "तुमच्याकडे काय म्हणतात?"

"हळद," वलीभाई म्हणाले.

"हारादा," हायामीबाईंनी म्हणून पाहिलं. मग बटणाजवळ जाऊन त्यांनी दिवे लावले.

साध्या उजेडात सगळे पुन्हा साधे दिसू लागले. हायामीबाई भिंग घेऊन कोपऱ्यावर वाकल्या, सरळ झाल्या. "कागदाच्या आत गेलेला नाही. मी हात लावणार नाही, कुणी लावू नये. हळूहळू उजेडच नेईल त्याला. मठाला मी आज पत्र लिहीन, तिघांच्या हातांबद्दल. ते काय म्हणतील ते म्हणतील. चित्र टांगा." त्यांनी खुर्ची ओढली. "आता नोंद. पंधरावी."

टेबलाच्या कडेची फाइल त्यांनी आधीच उचलली होती. त्यांनी ती उघडली.

सुचित्राला काही करता आलं नाही. पुढे होऊन फाइल हिसकावणं शक्य नव्हतं. हायामीबाईंनी पान वाचलं. त्यांची नजर शेवटच्या ओळीवर थांबली, तिथेच राहिली, आणि मग त्यांनी फॉर्म सुचित्रासमोर सरकवला. एका बोटाने तो सरळही केला.

पेन्सिलीचंच लिहिणं होतं. घरी असती तर खोडरबराने एका क्षणात गेलं असतं. पण तपासणीच्या खोलीत खोडरबर आणायचं नसतं, त्याचा भुगा कागदावर उडतो. तो नियम सुचित्रानेच मोठ्या अक्षरांत दारावर लावला होता. चुकलेल्या ओळीवर आडवी रेघ ओढायची, शेजारी सही करायची आणि खाली नव्याने लिहायचं.

तिने 'उजवी बाजू: वली' यावर रेघ ओढली. रेघेखालून अक्षरं स्वच्छ दिसत होती. तिने शेजारी सही केली. खाली लिहिलं: 'डाग हळदीचा. सुचित्रा, वली, हायामी, तिघांच्याही हातांना हळद होती. नेमका कोणाचा, सांगता येत नाही.'

"वस्तू हलवणाऱ्याची सही प्रत्येक पानावर," हायामीबाईंनी आठवण करून दिली.

वलीभाई पुढे आले. एप्रनला हात पुसले, सवयीने. त्यांचं इंग्रजी बेताचं होतं, त्यामुळे ते ओळीखाली बोट धरून वाचायचे. कागदापासून अर्धा इंच वर, न टेकवता. पहिलं पान वाचलं, सही केली. दुसरं वाचलं, सही केली. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट चौदाव्या नोंदीवरून सरकलं, पंधराव्यावर आलं, आणि रेघ मारलेल्या शब्दांशी थांबलं. वरच्या कोपऱ्यात कालची तारीख होती, कालची वेळ होती.

सुचित्रा त्यांच्या बोटाकडे पाहत राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं. रेहानचा अर्ज आज पाठवते, हे सगळ्यात आधी जिभेवर आलं. ते आलं म्हणून तिला आणखीच शरम वाटली.

बोट हललं. पुढची ओळ वाचली, शेवटपर्यंत. मग वलीभाईंनी टेबलावर वाकून, नेहमीच्याच सावकाश वळणदार अक्षरात सही केली आणि पेन्सिल तिच्यापुढे धरली, टोक स्वतःकडे करून.

"चला ताई, यल्ला," ते म्हणाले. "तुम्ही डावी बाजू घ्या. जेवणाआधी टांगून होईल."

तिने डाव्या कडेखाली बोटं सरकवली, म्हाताऱ्याच्या काळ्या अंगठ्यापासून एक वीत दूर. समोर त्यांनी उजवी कड धरली.

"लोणचं आणलंय ना आज?" त्यांनी विचारलं. ते चित्राकडेच पाहत होते.

"आणलंय," ती म्हणाली.

"मग एक. दोन."